ओल्या रुमालातली बाग

मुलुंडला आमच्या गल्लीतल्या एका बंगल्याची बाग थंडीतल्या एका रविवारी लोकांना बघायला खुली असायची. एका वर्षी तिथे एक बाई दिसली. फुलांकडे तिचं लक्षच नव्हतं. मालकांची पाठ वळली की नखाने फांदी खुडायची आणि पर्समधल्या ओल्या रुमालात सारायची. मी बघतेय हे कळल्यावर शांतपणे म्हणाली, "मागून आणलेलं जगत नाही हो. चोरूनच लावावं लागतं." वर मलाही मनीप्लांटचा तुकडा देऊ केला.

दोन वर्षांनी मागच्या सोसायटीत तळमजल्यावरची एक बाग खुली झाली. बघायला गेले, तर फाटकात तीच उभी. सगळ्यांच्या पर्स, पिशव्या बाहेरच्या बाकावर ठेवून घेत होती. "लोकांचा काही भरवसा नाही," मला म्हणाली. ओळख दाखवली नाही.

आत बंगल्यातली अख्खी बाग डोलत होती. तीच दुरंगी जास्वंद, तेच क्रोटन. बंगल्याचे मालकही आले होते. जास्वंदीपाशी बराच वेळ थांबून त्यांनी विचारलं, "एवढी कशी फोफावली हो?"

"झाडांवरही संस्कार करावे लागतात," ती म्हणाली, आणि त्यांचे हात रिकामे आहेत ना, ते बघून घेतलं.