बोटभर आणि जावईबापूंचा खांब

जमिनी मोजणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ‘बोटभर’ म्हणत. “माझ्या मोजणीत बोटभर फरक दाखवा, धंदा सोडतो,” असं ते ज्याला त्याला बजावत.

त्यांच्याकडे दोन यंत्रं होती. एक गच्चीवर कायमचं बसवलेलं, दुसरं काठीवर लावून हिंडवायचं. दोन्ही उपग्रहांचे संदेश ऐकत आणि गच्चीवरचं हिंडणाऱ्याच्या चुका सुधारी. थेट संसारासारखं.

मग जावईबापू ब्रॉडबँडच्या कंपनीत लागले. “बाबा, तुमच्या गच्चीवर बिनतारी इंटरनेटचा एवढासा खांब लावू?” जावयाला नाही म्हणण्याची विद्या बोटभरांकडे नव्हती. खांब यंत्राच्या शेजारीच उभा राहिला.

त्याच आठवड्यात त्यांनी दातांचे डॉक्टर आणि बेकरीवाला यांच्यामधली हद्द आखली. सकाळी ती डॉक्टरांच्या बागेतून गेली, दुपारी थेट बेकरीच्या भट्टीतून.

“म्हणजे भट्टी माझी आणि पाव तुमचे?” डॉक्टर खूश झाले.

बेकरीवाला तापला. “बोटभर, हे बोट कोणाचं? राक्षसाचं? उद्या हद्द जागेवर आली नाही, तर धंदा सोडा!”

बोटभरांनी घरी येऊन कबुतरांना दोष दिला, मग कपडे वाळत घालायच्या तारेला.

“तार लग्नापासून आहे,” बायको म्हणाली. “नवीन काय आलंय ते बघा की.”

“नवीन काहीच नाही.”

“आणि खांब?”

“तो जावईबापूंचा आहे!”

बायकोने गच्चीवर जाऊन खांबाचं बटण बंद केलं. कुजबुज ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानाशी वाजणारा ढोल थांबावा, तसं यंत्र शुद्धीवर आलं. त्याच्या पडद्यावर हरवलेले उपग्रह एकेक करून परतले. पाठोपाठ जावयाचा फोन आला.

“आई, सगळ्या गल्लीचं इंटरनेट गेलं हो!”

“मीच घालवलंय. तुमच्या खांबाच्या गोंगाटात यांना आभाळातलं काही ऐकू येईना. स्वतःच्या गच्चीवर का नाही लावलात?”

“आमची आई नको म्हणाली.”

गल्लीला इंटरनेट हवंच होतं, म्हणून खांब राहिला आणि यंत्र विहीणबाईंच्या गच्चीवर गेलं. “नुसतं ऐकतं, बोलत नाही? मग राहू दे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हद्द जुन्या कुंपणावर बरोबर बसली. डॉक्टरांची भट्टी गेली, बोटभरांचा धंदा राहिला. चूक काढून दाखवण्याचं आव्हान ते अजूनही सगळ्यांना देतात, फक्त विहीणबाईंना देत नाहीत.