शून्यावर आणलेल्या पट्ट्या

धुळ्याच्या नानांमुळे माझं काम टिकलं, हे आधी सांगते. नाहीतर पुढचं वाचून माझीच हुशारी वाटायची. नाना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. आमच्या जळगावच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर, मी कामाला लागण्याआधी, त्यांनीच विंडोजऐवजी लिनक्स टाकून चालता केला होता.

दुकान रेकॉर्डिंगचं. रिक्षावर भोंगा लावून जाहिरात फिरते ना, ती आमच्याकडे भरतात. माझं माहेर पार कोल्हापूरकडं, शाळा आठवीत सुटलेली. लग्न होऊन इकडं आले, आणि आवाज खणखणीत म्हणून भाऊंनी, म्हणजे मालकांनी, कामावर घेतलं.

खानदेशातला कानबाईचा सण तोंडावर आलेला, मिरवणुकांच्या रेकॉर्डिंगची रांग लागलेली. अशात नवं साउंड कार्ड जोडलं आणि कॉम्प्युटर मुका झाला. भाऊ चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बघू. नाही जमलं तर काम नशिराबादच्या दुकानाला देतो. मग तुम्हाला इथं बसवून काय करू?"

मी नानांना फोन लावला.

"हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघड. मी सांगतो तसं एकेक अक्षर दाब."

"नाना, मला इंग्रजी अक्षरं येतात, शब्द नाही येत."

"मले तरी कुठं येतस? अक्षरंच दाब."

त्यांनी सांगितलेलं टाइप केलं, तर पडद्यावर उभ्या पट्ट्या आल्या. अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणांसारख्याच, फक्त चित्रातल्या. नानांनी एफ सहा दाबायला लावून आधी कार्ड बदललं. नव्या कार्डाच्या पट्टीखाली दोन एम होते. "एम म्हणजे म्यूट, तोंड बांधेल शे. एम दाब, सुटेल." दाबला. पट्टी वर नेली. हेडफोनमध्ये माझाच श्वास ऐकू आला. दोन जाहिराती तिथल्या तिथं भरल्या.

सकाळी कॉम्प्युटर लावला तर पुन्हा चिडीचूप. आता बांधा गाठोडं, एवढंच डोक्यात. पुन्हा नानांना फोन लावला.

"काल बंद करताना काय केलं?" नानांनी विचारलं.

"नेहमीसारखंच. सगळ्या पट्ट्या शून्यावर आणल्या, मग बंद केला."

पलीकडं नाना खोकला येईस्तोवर हसले. "अरे बेटा, ती अ‍ॅम्प्लिफायरची शिस्त. आवाज शून्यावर न आणता बंद केला तर भोंगा उडतो, म्हणून आम्हीच सगळ्या दुकानांना शिकवली. हे यंत्र बंद होताना पट्ट्या कुठं होत्या ते लिहून ठेवतं आणि सकाळी तिथंच मांडतं. तू शून्य दिलं, त्यानं शून्य जपलं. बठ्ठं ठीक शे, काहीच बिघडलं नाही, फक्त पट्ट्या वर ने."

वर नेल्या. मग बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद, पुन्हा लावला. दोन्ही वेळा आवाज आला. तिसऱ्यांदा उगीचच लावून बघितला, नुसत्या आनंदानं.

दुपारी भाऊंनी रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. "दोंडाईच्याच्या मिरवणुकीचं पण आजच भरा," म्हणाले आणि चहा सांगितला. नशिराबादचं नाव पुन्हा निघालं नाही.

नानांना मी अजून एकदाही पाहिलेलं नाही. त्या दिवशी फोन ठेवताना ते सहज बोलून गेले, की त्यांच्या आईनं म्हटलेल्या कानबाईच्या गाण्यांच्या कॅसेटी घरात पडून आहेत, फिती चिकटायला लागल्यात. नाना, मी धुळ्याला येणार. एकेक कॅसेट सावकाश वाजवून सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून देणार. तेवढं माझ्याकडं लागलं.