सरांचं लाल पेन

आमच्या इंग्रजीच्या सरांकडे दोन इंग्रज्या होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. पहिली पेडण्याच्या शाळेतल्या फळ्यावरची, इस्त्री केलेली. दुसरी ऐकू आली ती सर निवृत्त होऊन हरमलच्या घरी परतले आणि वरच्या खोल्या पर्यटकांना देऊ लागले तेव्हा. "वॉटर कमिंग मॉर्निंग सिक्स, देन फिनिश," असं ते एका रशियन बाईला हातवारे करत सांगत होते. बाईने सकाळी वेळेवर बादली भरली.

क्रियापद गाळलं म्हणून ज्यांनी मला बाकावर उभं केलं होतं, त्यांच्या तोंडून हे ऐकून मला झालेला आनंद काय सांगू! शेजारीच राहत असल्याने टोकायची संधी मी सोडली नाही. सरांना तिळमात्र लाज वाटली नाही. "बोलताना माणूस समोर आसता रे," ते म्हणाले. "उरलेला तो तोंडाकडे बघून समजता. लिवताना तो समोर नसता, म्हणान पुरा लिवचा."

लिहिलेल्याला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. गावातल्या लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून गेलं. त्यातच सापडली त्यांची एकुलती एक मुलगी, आयर्लंडला नर्स असलेली मनाली. ड्युटी संपली की ती मोबाइलवर इंग्रजीत दोन ओळी पाठवायची. स्वर गाळलेले, पूर्णविरामाचा पत्ता नाही. अक्षरं दिसतात म्हणजे ते लेखनच, असा सरांचा निकाल. ते मजकूर कागदावर उतरवून काढत, लाल पेनाने दुरुस्त करत आणि कागदाचा फोटो तिलाच परत पाठवत.

आधी तिने हसरे चेहरे पाठवले. मग नुसता अंगठा. मग तोही येईना.

पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की सर पाव घ्यायला फाटकाशी यायचे आणि पाव हातात तसेच धरून मला विचारायचे, "तुझ्याकडे नेटवर्क बरा आसा मरे?" माझं नेटवर्क उत्तम होतं. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटी सरांची बायको, म्हणजे आमच्या काकीच बोलल्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. "आपला चेडू दमान घरात येता," त्या सरांना म्हणाल्या, "आणि तुम्ही तेका दारातच पाय पुसूक लावतास."

दुसऱ्या दिवशी सर व्हरांड्यात घाम पुसत दोन्ही अंगठ्यांनी टाइप करत बसले होते. एकच ओळ. जेवलीस का, एवढंच, तेही मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि पूर्णविरामाशिवाय. गृहपाठ दाखवावा तसा फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "जमला?" चहा निवायच्या आत मनालीचं उत्तर आलं. पुढे सरांची ही तिसरी इंग्रजी इतकी बिघडली की लेकीलाच उलट त्यांना तिचा अर्थ विचारावा लागे. सर नापास, असं मी सांगितलं की ते खूश व्हायचे.

यंदा सर गेले. काकी त्यांचा फोन रोज चार्ज करतात, कारण मनाली अजून त्याच नंबरावर लिहिते. ते वाचून काकींना अर्थ मी सांगतो. आता तिची वाक्यं लांब असतात, शब्द पुरे, स्वल्पविराम जागच्या जागी, शेवटी ठसठशीत पूर्णविराम. लाल पेनाला काही काम उरलेलं नाही. परवा फोनवर मी तिला विचारलं, आता कशाला एवढं नीट लिहितेस?

"बाबा आता समोर नाय ना रे दादा," ती म्हणाली.