पलंगाखालचा नवा पाइप

आमचं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, जुनं, पण त्याच्या इंजिनाची मी फार काळजी घेतो, असं मी पार्सिपनी गावातल्या सगळ्या मित्रांना सांगायचो. ऑइल वेळेवर बदलायचो, निघण्याआधी इंजिन थंड ठेवणारं कूलंट बघायचो. एवढं खरं आहे. पुढचं मी सहा वर्षं खोटं सांगत आलो.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांकडे निघणार होतो. मुलाने रेडिएटरचा नवा रबरी पाइप आणून दिला.

"बाबा, जुना सॉफ्ट झालाय. हा लावूनच निघ. प्रॉमिस?"

मी जुना दाबून पाहिला. गळत नव्हता. आमच्या घरात जुना टॉवेल विरेपर्यंत नवा बाहेर निघत नाही. नवा पाइप मी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला, गाडीतल्या पलंगाखाली ठेवला आणि मुलाला फोनवर सांगितलं, "बदलला."

तिसऱ्या दिवशी लांब चढ लागला. तापमानाचा काटा मधली खूण ओलांडून वर सरकू लागला. इंजिनाची उष्णता ओढली जावी म्हणून एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला.

"अहो, वेड लागलंय का? एवढ्या उन्हात हीटर?" बायको म्हणाली. "मला काय वाफवून खायचंय?"

"थांब जरा."

"काय झालंय ते तरी सांगा!"

या गाडीत इंजिन दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली असतं. तिचा डावा पाय त्या झाकणाला टेकलेला होता. पाय बाजूला घे, एवढंही मी म्हणालो नाही. म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

फट्‌कन आवाज झाला. झाकणाच्या फटीतून उकळत्या पाण्याची वाफ आत आली. काच पांढरी झाली. बायको किंचाळली. इंजिन बंद पडलं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता. रस्ता दिसत नसताना मी गाडी उजवीकडे ओढत राहिलो. कडेला कठडा आहे की दरी, ते मला माहीत नव्हतं.

कठडा होता.

हॉस्पिटलमधून मुलाला फोन केला. तो म्हणाला, "पण पाइप नवा होता ना?"

मी म्हणालो, "तू आणलेलाच खराब निघाला."

त्याने रडत आईची माफी मागितली. त्यानंतर त्याने कुठल्याच गाडीच्या इंजिनाला हात लावला नाही. बायकोचा भाजलेला डावा पाय अजून आखडतो.

परवा तो आला. पुढच्या महिन्यात त्याला मुलीला घेऊन याच गाडीतून जायचंय. "गॅरेजवाल्याकडून सगळे पाइप बदलून घेऊ," तो म्हणाला. "माझ्या हाताचं नको."

मी घरामागे उभ्या असलेल्या गाडीतल्या पलंगाखालून ते साडीचं गाठोडं काढलं आणि त्याच्यासमोर सोडलं. पाइपावरचं लेबलही निघालेलं नव्हतं. मी सगळं सांगितलं.

बराच वेळ तो लेबलावरून अंगठा फिरवत राहिला.

"आईला माहितीये?"

"नाही."

"माझं नंतर बघू. फर्स्ट, तिला सांग." आणि त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, जरा बाहेर ये."

घराचं मागचं दार उघडलं. पायऱ्यांवर तिचं एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं घासत येत होतं.