सासूबाईंचं मनगट धरणारा हात

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी आधी हसते आणि मग उठून कामाला लागते. या सदरातले अनुभवसुद्धा चहाबरोबर वाचते, वेळ जावा म्हणून. तरी आज लिहायला बसलेय, कारण ज्यांना हे सांगायचं होतं त्या आता राहिल्या नाहीत.

साठच्या दशकातली गोष्ट. पालघरजवळ शिरगावला माझं सासर, केळीची वाडी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचे हे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर, रविवारी तेवढे घरी यायचे. घरात मी, सासूबाई आणि मामंजी. मामंजींची विडी काही सुटत नव्हती. त्यांच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, आणि आता पोटरी सुजून दगडासारखी झाली.

सोमवारी मीच त्यांना पालघरला डॉक्टरांकडे नेलं. मामंजी बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "विडीनं रक्तवाहिन्यांना सूज आलीय, आत गुठळ्या होतायत. विडी बंद. पाय उशीवर. रविवारी मुलगा आला की मुंबईला न्या. आणि तोवर पाय अजिबात चोळू नका. गुठळी सुटून छातीत गेली तर माणूस हाती लागणार नाही."

घरी येऊन मी विडीचं सांगितलं, उशीचं सांगितलं, मुंबईचं सांगितलं. चोळण्याचं नाही सांगितलं... सासूबाई म्हणजे गावची चोळणारी बाई. बाळंतिणी, तान्ही मुलं, मुरगळलेले पाय — सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांना कालच्या सुनेनं 'हात लावू नका' म्हणायचं? माझी जीभच रेटेना.

मंगळवारी चारच्या सुमारास मी विहिरीवर होते, शेजारच्या सुमनबरोबर. दोघी हंडे घेऊन आलो तर सासूबाई तेलाची वाटी पुढ्यात घेऊन फणफणत होत्या.

"माझा हात धरतेस? चोळू नको तर तोंडानं सांग ना. अन् धरून पळालीस कुठं?"

"आई, मी विहिरीवर होते."

"माझ्यासंगच होती काकी," सुमन म्हणाली.

"हिरव्या बांगड्या मला दिसत नाय काय? मागनं आली, मनगट दाबलं."

मामंजी खाटेवरून म्हणाले, "सूनच होती. मी बघितली ना."

सासूबाईंच्या मनगटावर चार बोटांचे वळ होते. मी माझा हात जवळ नेऊन पाहिला नाही. धीरच झाला नाही.

बुधवारी तेच, गुरुवारी तेच. मी वाडीत नाहीतर विहिरीवर असायचे, त्या चोळायला बसायच्या, हात यायचा, तेल तसंच राहायचं. मी घाबरले होते हे खरं, पण — आज कबूल करते — बरंही वाटत होतं. कोणी का असेना, माझं काम परस्पर होतंय. रविवारपर्यंत निभावलं की झालं.

शुक्रवारी सासूबाई म्हणाल्या, "लय शहाणी झालीस. जा मासवणला, आईकडं दोन दिस राहा."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी पिशवी भरली आणि एसटीत बसले.

शनिवारी संध्याकाळी माहेरी निरोप आला. सासूबाईंनी तासभर पाय चोळला होता. कोणी अडवलं नव्हतं. "आता हलकं वाटतंय," म्हणत मामंजी उठले, दोन पावलं चालले, छाती धरून खाली बसले... आणि गेले.

सासूबाईंनी त्यानंतर कुणालाच चोळलं नाही. बायका बोलवायला आल्या की म्हणायच्या, "माझी सून तीन दिस हात धरीत होती गं. मीच तिला घालवली." आणि चारचौघींत माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. मी उठून कामाला लागायचे.

तो हात कोणाचा होता, मला आजही उलगडलेलं नाही. माझा असायला हवा होता. माझा नव्हता — आणि डॉक्टरांनी चोळू नका म्हणून मला बजावलं होतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.