भाकरीचा कोपरा

मशीन बसवली त्या दिवशी तिचं डोकं आपोआप मोरीकडे चालायला लागलं. कुणी ढकललं नव्हतं. भावजींनी नुसती हँडलं सोडली आणि ते एवढं जड डोकं पट्ट्यांवरून हळूहळू, रानातून घरी निघालेल्या म्हशीसारखं, कोपऱ्यातल्या मोरीकडे गेलं आणि तिथं टेकून उभं राहिलं.

"तहान लागली व्हय रे तिला?" आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आता अंधुक दिसतं, पण चाकांचा आवाज कुठून कुठं गेला ते त्यांनी बराबर ओळखलं.

भावजी माझे धाकटे दीर. ते सुरतेला रजयांच्या कारखान्यात माल चढवायचं काम करतात. तिथं नव्या मशिनी आल्या तेव्हा जुन्यातली एक त्यांनी माझ्यासाठी मागून घेतली, सुटी करून टेम्पोत घातली आणि वारंगा फाट्यापर्यंत आणली. पुढं गावापर्यंत आणायला आमच्या मालकांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर नेला. माझा उजवा अंगठा दोन हिवाळ्यांपासून दुखतो. गोधडी जाड असली की सुई आरपार काढताना अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाते. भावजींनी ते दिवाळीत बघितलं होतं. मी काही बोलले नव्हते.

ही मशीन आपल्या साध्या शिलाई मशीनसारखी नाही. तिच्यात मशीन जागेवर असते आणि कापड सरकतं. हिच्यात उलटं. कापड लांब रुळांवर ताणून बांधायचं आणि मशीनचं डोकं दोन्ही हातांनी धरून कापडावरून फिरवायचं. डोक्याचा हात लांब पुढं आलेला असतो, म्हणून तिला लाँगआर्म म्हणतात, असं भावजी म्हणाले. आत्या तिला लांबहाती म्हणतात. आता घरात तेच नाव पडलंय.

डोकं मोरीकडे जायचं कारण फरशी होती. फरशी बसवताना गवंड्याने पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे उतार दिला होता. इतकी वर्षं आम्ही त्या उतारावर चाललो, जेवलो, झोपलो, कधी कळलं नाही. मशीनला एका क्षणात कळलं. मालकांनी गवंड्याची पाण्याची नळी आणली, दोन टोकांचं पाणी सारखं होईपर्यंत भावजी मशीनच्या पायांखाली फरशीचे तुकडे सारत राहिले. मग डोकं जिथं सोडलं तिथं उभं राहिलं.

"बसली," आत्या म्हणाल्या. "आता कुंकू लाव, न्हाईतर पुन्हा उठंल."

माझी अडचण वेगळी होती. मशीन खोलीएवढी लांब. ती बसली तर समोरच्या खोलीतच, आणि तीही अशी की उभं राहणाऱ्याचं तोंड दाराकडे. दार रस्त्यावर उघडतं. फाट्याकडे जाणारं येणारं सगळं गाव त्या दारासमोरून जातं.

"तोंड भिंतीकडं केलं तर?" मी मालकांना हळूच विचारलं.

"मग उभी कुठं राहशील? भिंतीत?"

भावजी हसले. मीही हसले, पण मला ते लागलं. मला हाताच्या गोधडीची आवड होती त्यात हेही होतं, की गोधडी शिवताना कुणाकडे बघावं लागत नाही. दुपारी अंगणात लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, दगड, जे हाताला लागेल ते ठेवायचं. चार बाजूंना चार बाया बसायच्या. त्या बोलायच्या, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायच्या, आणि मी मान खाली घालून टाके घालायची. कुणी म्हटलंच, "काहून गं, तू काहीच बोलत न्हाईस?" तर आत्या माझ्या वतीनं सांगायच्या, "तिचं बोलणं दोऱ्यात हाय." मी चौथीपर्यंत शिकले. शाळेतही मी उत्तर येत असून हात वर करत नव्हते. हेही मी कुणाला वाचून दाखवायला लिहीत नाही.

हाताची गोधडी कशी करतात ते सांगते, कारण पुढं काय झालं ते त्यातूनच झालं. आधी थर अंथरून चारी कडा शिवून घ्यायच्या. मग कडेकडेनं आत, आत, पुन्हा आत असे धावदोऱ्याचे चौकोन घालत मध्यापर्यंत जायचं. फक्त एका कोपऱ्यावर वीतभर कड उघडी ठेवायची. गोधडी पुरी झाली की त्या कोपऱ्यातून वाळक्या भाकरीचा एक तुकडा आत सारायचा आणि मगच तो कोपरा बंद करायचा. याला गोधडीचं पोट भरणं म्हणतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही, पांघरणाऱ्याचीच ऊब खाते, असं आत्या म्हणतात. त्यांना त्यांच्या आईनं सांगितलं होतं.

भावजींनी दोन जुन्या चादरी रुळांवर चढवून मला मशीन शिकवली. खालचं कापड एका रुळावर, वरचं दुसऱ्यावर, शिवलेलं पुढच्या रुळावर गुंडाळत जायचं. मला जमलं. हँडल धरून वळणं काढताना तर रांगोळी काढल्यासारखं वाटलं. मग ते सुरतेला गेले.

पहिलं खरं काम आलं ते ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरून. तिथली एक बाई आमच्या रानात कापूस वेचायला येते. माझ्याहून थोडी मोठी, आवाज मोठा, चालणं झपाट्याचं. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. तांड्यावर होळीला नव्या पोराची धुंड करतात. सगळा तांडा बाळाला बघायला जमतो, आणि ती पोराच्या बापाच्या तांड्यावरच होते. म्हणून होळीच्या आधी लेकीला सासरी पोचवायचं होतं, आणि बरोबर गोधडी द्यायची होती.

तिनं बोचकं सोडलं. आत तिच्या आईचा फेटिया, म्हणजे त्यांचा घेरदार घागरा. आरशांची पट्टी तिनं काढून ठेवली होती. उरलेलं कापड लाल आणि काळं, धुऊन धुऊन इतकं मऊ आणि विरलेलं की हातावर घेतलं तर हाताच्या रेषा दिसाव्यात.

"माझ्या याडीचं एवढंच राहिलंय," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "धुंडीला लेकरू हिच्यावरच बसवायचं. हातानं करशील ना?"

मी अंगठा दाखवला. मग मशीनकडे बोट केलं.

ती मशीनभोवती एक फेरी मारून आली. "ही? ही तर ऊस खाईल असं दिसून राहिली. फाटणार न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. मला खरं तर माहीत नव्हतं.

फेटियाच्या कळ्या, म्हणजे घेराच्या तिरप्या पट्ट्या, उसवून मी त्यांचा वरचा थर जोडला. खाली माझं एक धुवट लुगडं, मधे भर म्हणून जुनं धोतर. आणि मग हाताच्या सवयीनं, अंगठा दुखत असतानाही, मी चारी कडा लांब टाक्यांनी शिवून घेतल्या. भाकरीचा कोपरा तेवढा उघडा. वेगवेगळ्या रुळांवर वेगवेगळं कापड चढवायचं, हे मला कारखान्याच्या ताग्यांपुरतं वाटलं होतं. माझी गोधडी तर आधीच एकत्र होती. ती अख्खी रुळांना बांधली आणि सुरू केलं.

पहिल्या ओळी सुरेख आल्या. मग रूळ फिरवला, पुढचं घेतलं. वरचं कापड जरा सैल वाटलं. पुन्हा रूळ फिरवला. सुईच्या पुढं एक फुगा धरला, भिजवलेल्या पिठासारखा. मी हातानं दाबून पुढं गेले. दाबलेलं पुढं सरकत राहिलं, आणि अर्ध्यावर आले तेव्हा सुईनं एक घडी खाली घेतली आणि शिवून टाकली. तिच्यापुढं दुसरी. मी मशीन बंद केली.

एक टाका उसवून बघितला. दोरा निघाला, पण सुईचं भोक तसंच राहिलं आणि त्याच्या कडेचे धागे विस्कटले. सगळं उसवलं तर फेटियाची चाळण होणार होती. तसंच ठेवलं तर सुरकुत्यांचं बोचकं. दुसरा फेटिया कुठून आणणार होते? मी दोन्ही हात हँडलांवर ठेवून तशीच उभी राहिले.

तोंड दाराकडे होतं, म्हणून ती रस्त्याच्या वळणावरच दिसली. तांड्यावरची. बाजाराहून येत होती. मला खाली वाकून लपायला जागा नव्हती.

ती आत आली, पिशवी ठेवली, बघितलं. तिचा मोठा आवाज निघालाच नाही. ते मला जास्त जड गेलं.

"काय झालं गं?" आत्यांनी बाजेवरून विचारलं. "दोघी काहून गप हाव?"

"चुण्या पडल्या, आत्या."

त्या उठल्या, चाचपडत मशीनपाशी आल्या आणि गोधडीवरून तळहात फिरवायला लागल्या. "हितं चुणी. हितं बी. अगं बया, हितं तर बांधच घातलाय." मग त्यांचा हात डावीकडे, माझ्या बाजूच्या टोकाकडे गेला आणि थांबला. "आणि हितं काहून न्हाई? हितं तर लेकराच्या गालावानी लागून राहिलं."

"तो भाकरीचा कोपरा हाय, आत्या. तिथली कड उघडी हाय अजून."

बोलले आणि माझ्याच ध्यानात आलं. मी खाली वाकून बघितलं. उघड्या कडेतून वरचं कापड बोटभर बाहेर सरकून आलं होतं. त्याला जायला वाट होती, म्हणून ते सपाट होतं. बाकी सगळीकडे मी वाट बंद केली होती. हाताच्या गोधडीत कापड जमिनीवर पडलेलं असतं, आपण त्याच्यामागं जातो. इथं ते गुंडाळलं जातं, वरचं आणि खालचं सारखं गुंडाळलं जात नाही. जास्तीचं कुठं जाणार?

मी तिच्याकडे बघितलं. "मशीनचे टाके उसवायचे न्हाईत," मी म्हणाले. "कडा उसवायच्या. हातानं घातल्यात, मोठे टाके हायेत. भोकं पडणार न्हाईत."

"आणि ह्या दोन चुण्या?"

"त्या बघू."

 तिनं पदर खोचला, रुळापलीकडे जाऊन वाकली आणि दातानं पहिला दोरा तोडला. ती एका बाजूनं, मी एका बाजूनं. लांब टाके, ओढले की सरळ निघत होते. कड मोकळी झाली तसं कापड थोडं थोडं पसरायला लागलं. पोटात धरलेला श्वास सोडावा तसं. आत्या हात फिरवून सांगत होत्या, "गेली. ही बी गेली. हां, आता हिकडं."

मशीनने शिवलेल्या दोन घड्यांपैकी एक मी एक-एक टाका कापून, ओल्या बोटानं धागे जागेवर बसवत सोडवली. दुसरी मधोमध होती आणि तिथं कापड फारच विरलं होतं. सुईचं टोक लावलं तर धागाच तुटला. मी हात मागं घेतला.

"ही न्हाई निघायची," मी म्हणाले. "फाटंल."

ती वळसा घालून जवळ आली. त्या घडीवर बोट ठेवलं, वरून खाली नेलं. मग एकदम हसली, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात. "राहू दे. माझ्या याडीच्या कपाळावर बी अशीच एक आठी होती. सदा रागात. आम्ही लेकरं आधी आठी बघायचो, मग जवळ जायचो."

"मग लेकराला तिच्यावर बसवू नको," आत्या म्हणाल्या. "म्हातारी वसकंल."

"वसकू दे की. तिला पणतू बघायचा होता."

पुढच्या दुपारी मी उरलेलं शिवलं. थर सुटे करून, खालचं एका रुळावर, वरचं दुसऱ्यावर, जसं दाखवलं होतं तसं. कापड सपाट चाललं. मशीनचा आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं आत बघत होती. मी एक-दोनदा वर बघितलं, बाकी वेळ सुईकडे. भावजींना फोन केला तर ते म्हणाले, "अगं वैनी, कारखान्यात कडा शेवटीच शिवतात. मी सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

"मला वाटलं, गोधडीतलं तुला काय सांगायचं!"

कडा मी हातानंच घातल्या, अंगठ्याला चिंधी गुंडाळून. तांड्यावरची संध्याकाळी आली ती पदरात भाकरीचा तुकडा घेऊनच. तिच्या चुलीवरची, ज्वारीची. भाकरी कुणाच्या घरची लागते, हे मीही विचारलं नव्हतं, तिनंही नाही. उघड्या कोपऱ्यातून तिनं तो आत सारला, बोटानं लांबवर ढकलला. मी कोपरा बंद केला. आत्यांनी चाचपून बघितलं. "भरलं," त्या म्हणाल्या.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी मशीनवर दुसरी गोधडी चढवत होते. आता कडा मी शेवटपर्यंत मोकळ्या ठेवते. तांड्याकडून एक ऑटो फाट्याकडे निघालेला दिसला. दारासमोर आल्यावर तो हळू झाला. आत ती होती, तिच्या शेजारी लेक, लेकीच्या मांडीवर बाळ, आणि बाळ लाल-काळ्या गोधडीत गुंडाळलेलं, नुसती टाळू दिसत होती. तिनं गोधडीचा कोपरा उचलून मला दाखवला. कुठला कोपरा ते एवढ्या लांबूनही मला कळलं.

माझे दोन्ही हात हँडलांवर होते. मी एक काढला आणि वर केला. मशीनचं डोकं जागचं हललं नाही.