शोकसभेतलं खाकरणं

अण्णांच्या शोकसभेत सगळे मान खाली घालून उभे होते. तेवढ्यात माझ्या घशात तो नेहमीचा चिकटा आला. डॉक्टरांनी बजावलंय, "पित्त वर येतंय. रात्री लवकर जेवा. आणि खाकरू नका, पाण्याचा घोट घ्या. खाकराल तितका चिकटा वाढेल." पण त्या शांततेत पाणी कुठून आणायचं? आवंढा गिळला, पुन्हा गिळला, शेवटी खाकरलोच. अध्यक्षांनी खूण केली असं समजून पुढची रांग खाली बसली. तिला पाहून मागचेही बसले. अण्णांच्या वाट्याची दोन मिनिटंसुद्धा मी पुरी होऊ दिली नाहीत. माणूस आयुष्यभर चारचौघांत नीट वागायला शिकतो, आणि घशातला एक थेंब सगळं उघडं पाडतो.

निघताना अण्णांच्या पत्नीसमोर हात जोडले. मान वर होईना.

"वहिनी, मघाशी मीच..."

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "हेही असेच खाकरायचे. चपला काढताना, दारातच. मी चिडायचे."

त्यांनी पदर सावरला.

"मघाशी माझी मान आपोआप दाराकडे वळली."